नाव एक, दप्तरं चार: बेळगावात वेब डिझाइनचा धंदा काढताना

माझ्या बहिणीचा मुलगा आणि गोकाकचा त्याचा मित्र, दोघं वेब डिझाइनचा धंदा काढणार म्हणून दिवाळीनंतर एका संध्याकाळी माझ्याकडे आले. अनगोळात एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली बघून झाली होती. लॅपटॉप होते, दोन गिऱ्हाइकंही होती. अडलं होतं नावावर. वहीत सव्वीस नावं लिहिलेली, त्यातली एकोणीस खोडलेली.

"मावशी, तूच एक काढून दे, आम्ही दमलो," भाचा म्हणाला.

"अक्का, डॉट कॉम मिळालं की झालं," मित्र म्हणाला. घरी कन्नड, पण मराठी आमच्यापेक्षा चोख.

डॉट कॉम मिळालं की झालं, हे मी पंधरा वर्षं ऐकते आहे आणि पहिल्या खेपेला मीही तेच धरून चालले होते. खरी गोष्ट अशी की धंद्याचं नाव एका ठिकाणी मिळतच नाही. त्याची चार दप्तरं आहेत. एक लोकांच्या तोंडात आणि पाटीवर, दुसरं सरकारी कागदांत, तिसरं डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या, नोंदीत आणि चौथं ट्रेडमार्कच्या, म्हणजे नावावरच्या कायदेशीर हक्काच्या, रजिस्टरात. एका दप्तरात नाव लागलं म्हणून दुसऱ्यात लागत नाही, आणि एकमेकांना ती विचारतही नाहीत. घरपट्टीची पावती दाखवून जमीन आपली होत नाही, त्यासाठी उतारा लागतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. नावाच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसंही पावतीलाच उतारा समजतात.

फोनवर टिकतं का?

पहिलं दप्तर तोंडाचं. इथं नाव वाचण्याआधी ऐकलं जातं. उद्यमबागेतला फाउंड्रीवाला दुसऱ्या फाउंड्रीवाल्याला तुमचं नाव मशिनच्या आवाजात फोनवर सांगतो, आणि तो ते आपल्याला जमेल तसं टाइप करतो. बेळगावात हा टाइप करणारा मराठी असेल, कन्नड असेल, चोर्ला घाटापलीकडचा कोकणी असेल. म्हणजे एकच नाव तीन कानांतून जाऊन शेवटी रोमन अक्षरांत उतरतं. नावं मोडतात ती याच वाटेवर.

माझ्या पहिल्या धंद्याचं नाव होतं 'वेध'. मराठीत किती नेमकं! कार्डं छापली, मेल सुरू केला. मग रोज फोनवर हेच: "व्ही की डब्ल्यू?" "व्ही हो, व्हिक्टरीतला." "पुढं?" "ई, डी, एच." त्यातला 'एच' निम्म्या लोकांकडून गळायचा. 'वेध'चा 'वेद' व्हायचा, आणि कन्नड माणसाच्या बोटांना सवय असल्यामुळं शेवटी एक 'ए' चिकटायचा. एका कारखान्याची चौकशी अशीच भलत्या पत्त्यावर गेली. पंधरा दिवसांनी फोन आला, "म्यॅडम, तुमचं उत्तर नाही म्हणून दुसऱ्याला काम दिलं." चूक त्यांची नव्हती. असं नाव ठेवणारी मी.

ही मोडतोड कुठं होते ते एकदा कळलं की ओळखायला सोपं आहे. 'व' आला की रोमनमध्ये दोन अक्षरांचा वाद. ख, घ, ध, भ आले की 'एच' गळण्याची भीती. ऱ्हस्व-दीर्घ आलं की एक 'ई', दोन 'ई' की 'आय' हा घोळ. मराठीतला 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च वेगळे, पण तो फरक ना कन्नड लिपी दाखवते ना रोमन. मग चांगला 'चाफा' कानडी वाचणाऱ्याच्या तोंडी 'चहा'तला च घेऊन येतो.

सगळ्यांत मोठा घोळ शेवटच्या 'अ'चा. मराठीत आपण 'अक्षर' लिहितो आणि शेवटचा र तोडून म्हणतो. कन्नडमध्ये लिहिलेला प्रत्येक 'अ' उच्चारतात, म्हणून तिथं तेच 'अक्षरा'सारखं ऐकू येतं. मराठी माणूस रोमनमध्ये ते 'आर'वर संपवेल, कन्नड माणूस पुढं एक 'ए' लावेल. दोघंही बरोबर, आणि तुमचं डोमेन मात्र एकच. म्हणून या भागात शक्यतो इ-ई, उ-ऊ किंवा ओ अशा स्वरावर संपणारं नाव बघावं. ते तिन्ही लिप्यांत त्यातल्या त्यात कमी हलतं.

हे ऐकून भाच्यानं लगेच वहीतलं 'पणती' दाखवलं. छोटं, ई-वर संपणारं, दिवाळीचा ताजा मुहूर्त.

"रोमनमध्ये लिही," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. पणतीचं स्पेलिंग इंग्रजी डोळ्यानं वाचलं की ती कपाटातली, दांडीवर मागच्या बाजूला वाळत घालायची वस्तू होते. खोडलं.

शब्द चिकटवून डोमेन करतानाही असंच जपावं लागतं, कारण डोमेनमध्ये मोकळी जागा सोडता येत नाही. बहिणीनं सुचवलेलं नाव होतं 'दीपकला'. ती म्हणत होती दीप-कला. मला दिसलं 'दीपकला दे' मधलं दीपकला. मध्ये आडवी रेघ टाकता येते, पण फोनवर ती कोण सांगत बसणार? "मध्ये डॅश हं, खाली नाही, मधोमध." एवढं बोलेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्याकडं गेलेलं असतं.

कन्नडमध्ये त्याचा अर्थ काय?

पाटीचा नियम आधी सांगते, कारण खर्च त्यातच दुप्पट होतो. कर्नाटकात 2024 च्या दुरुस्तीनंतर दुकान-ऑफिसच्या फलकावर 60 टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि तोही वरच्या भागात असावा लागतो. त्यावरून आपल्या भागात काय काय बोललं जातं ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि हा लेख त्याबद्दल नाही. नाव ठेवणाऱ्यानं एवढंच ध्यानात घ्यावं, की तुमच्या पाटीवर सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत वर जे दिसणार आहे ते कन्नड अक्षरांतलं नाव. तेव्हा लोगो काढण्याआधी नाव कन्नडमध्ये लिहून बघा. बहुतेक जण आधी इंग्रजी लोगो करतात आणि मग पाटीवाला ऐनवेळी संगणकातल्या हाताला येईल त्या फॉन्टमध्ये कन्नड बसवतो. डिझाइनचा धंदा आणि स्वतःच्याच पाटीवर ठिगळ, हे शोभत नाही.

अक्षरानंतर अर्थ. मराठी-कन्नड शेजार इतका जुना आहे की निम्मे शब्द सारखे वाटतात, आणि फसगत तिथंच होते. वहीत 'अवसर' होतं. भाच्याच्या मनात संधी. मित्र हसायला लागला, कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई. डिझाइन करणाऱ्यानं पाटीवर 'घाई' लिहावं का? (प्रामाणिकपणा म्हणून चालेल.) संधी हवी तर कन्नडमध्ये 'अवकाश' म्हणावं लागतं, आणि तो आपल्याकडं 'अजून अवकाश आहे' म्हणत कामाला उशीर लावतो. 'अनुमान' आपल्याला अभ्यासू वाटतं, कन्नडमध्ये तो संशय. उलटंही होतं. कन्नडमध्ये झाडाला 'मर' म्हणतात. मित्राला झाडावरून काहीतरी ठेवायचं होतं. मराठी गिऱ्हाइकाचं स्वागत त्या शब्दानं कसं करणार, ते त्याला लगेच कळलं.

'जाल' मात्र दोघांनाही आवडलं होतं, आणि विचार वाईट नव्हता. कन्नडमध्ये वेबसाइटला जालताण म्हणतात, मराठीतही आंतरजाल आहे. पण रोमनमध्ये गेलं की जाल, जाळ, जल, सगळं एकाच मापाचं होतं. कुणी पाण्याच्या टाक्यांची चौकशी केली असती. नुसत्या 'जाळ'चा मराठीत अर्थ काय ते सांगत नाही.

गावाचं नाव घालावं का?

वहीत 'बेळगाव'नं सुरू होणारी चार नावं होती. लोक शोधतात तेव्हा गावाचं नाव टाकतात, म्हणून ते नावातच असू दे, असा हिशोब. त्यात एक गोम आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी झालं. बोलण्यात बेळगाव आहे, रोमनमध्ये जुनं 'एयूएम'वालं स्पेलिंग अजून लोक टाकतात आणि नवंही टाकतात. नावात एक घेतलंत की दुसरं सुटलं. शिवाय गावाचं नाव आणि कामाचं वर्णन एवढंच असलेलं नाव ट्रेडमार्क म्हणून सहसा मिळत नाही. 'बेळगाव वेब डिझाइन' म्हणजे बेळगावात वेब डिझाइन करतो एवढंच सांगणं, ते म्हणायचा हक्क गावातल्या सगळ्यांचा. कायद्याचा विचार साधा आहे: जे शब्द धंद्यातल्या सगळ्यांना लागतात ते एकट्याच्या खिशात घालायचे नाहीत.

गावाचं नाव जिथं कामाला येतं तिथं वापरा. साइटच्या शीर्षकात, पत्त्यात, मजकुरात, दोन्ही स्पेलिंगांत. गूगलवरच्या धंद्याच्या नोंदीत मात्र नावाच्या जागी फक्त खरं नाव. तिथं मागं 'बेस्ट वेब डिझाइन बेळगाव' जोडणं नियमात बसत नाही, आणि नोंद बंद पडली की कळतं आपण किती हुशारी केली ते.

'वेब' हा शब्दही मी काढायला लावला. आज साइट कराल, उद्या ॲप, परवा कुणाच्या कुंद्याच्या डब्यावरचं डिझाइन. या गावातला सगळ्यांत चांगला धडा यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पाटीवर आडनाव होतं, सायकल नव्हती. पुढं कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आले, 1910 मध्ये बस्तान किर्लोस्करवाडीला हललं, आणि नाव कुठंही अडलं नाही. 'बेळगाव सायकल्स' नाव असतं तर नांगर विकताना किती खुलासे करावे लागले असते!

मग आडनावच का नको? चालतं की. भरवसा लवकर बसतो. पण दोघांच्या भागीदारीत कुणाचं आडनाव, हा प्रश्न चहा गार व्हायच्या आत उभा राहिला. शिवाय आडनावावर ट्रेडमार्क मिळाला तरी त्याच आडनावाचा दुसरा माणूस प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरत असेल तर त्याला अडवता येत नाही. आपल्याकडं गावावरून 'कर' लावलेली आडनावं गल्लीगल्लीत आहेत.

कागद, आणि कागद काय देत नाहीत

दुसरं दप्तर लवकर संपतं. एकट्याचा धंदा असेल तर नावासाठी वेगळी कंपनी काढावी लागत नाही. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधारवरून होते. त्याचे पैसे मागणारा दलाल तुमची वेळ वाचवतो, दुसरं काही नाही. सेवेच्या धंद्यात उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी घ्यावाच लागत नाही. चंदगड-कोल्हापूरची, म्हणजे दुसऱ्या राज्यातली कामं घेतली तरी सेवेला ही सूट आहे. चालू खातं काढताना बँक धंद्याच्या नावाचे पुरावे मागते, तिथं हे कागद लागतात. भागीदारी असेल तर करारपत्र करा, मैत्री कितीही घट्ट असू दे.

पण उद्यमच्या कागदावर नाव आलं म्हणजे ते तुमचं झालं, असं नाही. त्याच नावाची दुसरी नोंद कुणीही करू शकतो. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढली तर नाव आधी मंजूर करून घ्यावं लागतं आणि मिळतंजुळतं असलं तर नाकारतात. ती मंजुरीसुद्धा ट्रेडमार्कची नव्हे.

एक गोष्ट इथं मुद्दाम सांगते, कारण आपल्या भागात हमखास होते. वहीत महाराजांच्या नावावरून एक नाव होतं. भावना मला कळते, माझ्याही घरात तसबीर आहे. पण 1950 चा चिन्हं आणि नावांच्या गैरवापराचा कायदा आहे, त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र स्पष्ट लिहिलेलं आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्याला वापरता येत नाही आणि त्यावर ट्रेडमार्क मिळत नाही. दुकानं दिसतात तशी, म्हणून कायदा नाही असं होत नाही.

डोमेन: भाड्याचं घर

डोमेन विकत मिळत नाही. ठरावीक वर्षांसाठी आपल्या नावावर राहतं, एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षं. भाडं थकलं की सुटतं. ज्याच्या खात्यातून घेतलं तो मालक समजला जातो, म्हणून दोघांपैकी एकाच्या खासगी मेलवर घेऊ नका. (गिऱ्हाइकाचं डोमेन आपल्या खात्यात ठेवणारे डिझायनर मला ठाऊक आहेत. तसं करू नये. नातं तुटतं तेव्हा नाव ओलीस राहतं.) डॉट कॉम मिळालं नाही तर डॉट इन चांगलं, त्याची व्यवस्था भारतातल्या निक्सी या संस्थेकडं आहे. देवनागरीतलं 'डॉट भारत' 2014 पासून मिळतं. हौस म्हणून घ्या, पण कार्डावर एकटं छापू नका. आतून ते 'एक्सएन' आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या ओळीत बदलतं, आणि कॉपी करून पाठवलं की कधीकधी तेच भुताटकीसारखं समोर येतं.

ट्रेडमार्क, आणि बेंगळूरच्या कोर्टात सुरू झालेला खटला

चौथं दप्तर खऱ्या उताऱ्याच्या जवळचं. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात माल आणि सेवा मिळून 45 वर्ग आहेत. वेबसाइट करणं 42 व्या वर्गात येतं, जाहिरातीची कामं 35 व्या. एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे दर वर्गाला 4,500 रुपये, इतरांना 9,000. कर्नाटकातले अर्ज चेन्नईच्या कार्यालयाच्या हद्दीत, महाराष्ट्रातले मुंबईच्या. म्हणजे शिनोळीला ऑफिस असतं तर मुंबई, इथं अनगोळात चेन्नई, अंतर स्कूटरवरचं. अर्ज तपासला जातो, मग जर्नलमध्ये छापतात, चार महिने कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता येते, आणि नोंद झाली की अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षं चालते. नोंद होईपर्यंत नावापुढं 'टीएम' लावता येतं, गोलातला 'आर' नाही.

रजिस्टरात आधीच्या नावांचा शोध मात्र फुकट आहे आणि तो पहिल्याच दिवशी घ्यावा. त्यात उच्चारावरून शोधायची सोय आहे, तीच वापरा. कारण कोर्ट दोन नावं शेजारी ठेवून भिंगातून बघत नाही. अमृतधारा आणि लक्ष्मणधारा या दोन औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं साधारण बुद्धीचा, अर्धवट आठवणारा गिऱ्हाईक डोळ्यांपुढं ठेवला होता. नाव ऐकून त्याचा गोंधळ होईल का, एवढाच प्रश्न.

आपल्या धंद्याला सर्वांत जवळचा खटला सिफीचा. सत्यम इन्फोवे या कंपनीनं 'सिफी'वरून डोमेनं घेतली होती. नंतर दुसऱ्या एका कंपनीनं एक 'एफ' वाढवून 'सिफी नेट' घेतलं. आमच्या पाच जणांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून ते झालं, असं तिचं म्हणणं. बेंगळूरच्या दिवाणी न्यायालयानं या दुसऱ्या कंपनीला ते नाव वापरायला मनाई केली, ती उच्च न्यायालयात उलटली, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सत्यमच्या बाजूनं निकाल दिला. डोमेन हा नुसता पत्ता नाही, धंद्याची ओळखही आहे, आणि आधी वापरणाऱ्याचं नाव त्यातही राखलं जातं.

हे सांगितल्यावर दोघं गप्प झाले. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनीही आपापली आणि घरच्यांची पहिली अक्षरं जोडून एक नाव केलेलं होतं.

उरलं एकच

खोडून खोडून 'सुगी' उरलं. ते मित्रानं लिहिलेलं, 'सुग्गी' असं. दोन्हीकडं तोच अर्थ, पीक घरात यायचा हंगाम. ई-वर संपतं, 'व' नाही, 'एच' नाही. कामाचं वर्णन नाही, म्हणजे ट्रेडमार्कलाही वाव. उच्चारावरून शोध घेतला, जे सापडलं ते ओळखीच्या वकिलाला दाखवायचं ठरलं.

मग फोनची परीक्षा. भाच्यानं आईला लावला. "आई, मी एक शब्द सांगतो, तो इंग्रजीत लिहून व्हॉट्सॲपवर टाक."

"काय बोलूलालास रे, कामात हाय मी," असं म्हणत तिनं टाकला. एका 'जी'चा. गोकाकच्या काकूंनी टाकला दोन 'जीं'चा. पाटीवर कन्नडमध्ये दोन ग, खाली मराठीत एक, आणि डोमेनं दोन्ही घ्यायची, एक दुसऱ्यावर वळवायचं. वर्षाला एका जास्तीच्या डोमेनचा खर्च, वेधच्या वेळी माझा जेवढा बुडाला त्यापुढं काहीच नाही.

"पण मावशी," भाचा जाता जाता दारात थांबला, "वेबसाइटवाल्याचं नाव सुगी कशाला, असं कुणी विचारलं तर?"

उत्तर मित्रानंच दिलं. "सांगायचं, गिऱ्हाईक पैसे सुगी झाल्यावरच देतात."